कानामागचं टेंगूळ

ह्यांच्या डोक्याला मार लागला त्या संध्याकाळी आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि प्रत्येकाला वाटतं की म्हातारीचा काहीतरी घोळ होतो आहे. घोळ माझा नाही. घोळ चाळीने घातला, आणि तो इतक्या प्रेमाने घातला की मला भांडायलाही जागा ठेवली नाही.

आम्ही लालबागला राहत होतो. हे कापड गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका छताखाली खडखडत असतात, तिथे तोंडाने बोलून काही उपयोग नसतो. माणसं एकमेकांचे ओठ बघतात, हातवारे करतात आणि काम भागवतात. ही सवय घरीही येते. हे पाळीवरून आले की हातानेच खूण करून पाणी मागायचे आणि मी मुद्दाम भलतंच काहीतरी पुढे करायचे, कधी केरसुणी, कधी पोळपाट. मग हे मोठ्याने हसायचे. आवाज दणदणीत होता. जिन्यातून माझ्या नावाने हाक मारली की वरच्या मजल्यावरच्या बायका मला येऊन सांगायच्या, "जा गं, तुझा भोंगा वाजला."

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस होते. पाळी सुटली की सभा, सभा नसली तर मोर्चा, आणि मोर्चाही नसला तर नाक्यावर उभं राहून उद्याच्या मोर्चाची चर्चा. ह्यांच्या आवाजामुळे घोषणा द्यायला ह्यांना नेहमी पुढे काढत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी हे सकाळच्या पाळीला गेले होते. दुपारी काळाचौकीच्या बाजूने मोर्चा निघाला, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, पळापळ झाली, हे सगळं आमच्यापर्यंत आलं होतं. दिवे लागायच्या सुमाराला दोघांच्या खांद्यावर हात टाकून हे जिना चढून आले. उजव्या कानामागे लिंबाएवढं टेंगूळ. रक्ताचा थेंब नाही. आमच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष धावत आले आणि त्यांनी विचारलं, "लाठी बसली काय रे?" ह्यांनी मान हलवली. झालं. लाठी बसली हे ठरलं. नंतर मी पुष्कळदा विचार केला आहे, त्या वेळी कोणी "माडावरून पडलास काय" म्हणून विचारलं असतं तरी ह्यांनी अशीच मान हलवली असती.

चाळीने पेढे आणले. अध्यक्षांनी ह्यांच्या गळ्यात हार घातला. मी हळद आणि चुना एकत्र करून टेंगळावर लावला, कारण मार लागला की आम्ही तेच लावतो. रक्त नाही म्हणजे काळजी नाही, असं सगळ्यांचं मत पडलं आणि माझंही तेच होतं. चहा दिला तर ओकले. तेव्हा शेजारची म्हणाली, घाबरल्यामुळे होतं असं. मीठमोहरी ओवाळून टाकली. हे भिंतीला टेकून बसले होते आणि मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, आज वार कुठला. मी सांगायचे, ते मान हलवायचे, थोड्या वेळाने परत तेच. मला वाटलं, चेष्टा चालली आहे.

दोनतीन दिवसांनी मैदानात सत्काराची सभा ठेवली. मी म्हटलं, ह्यांचं डोकं दुखतं आहे, उजेड सहन होत नाही, राहू द्या. पण हे ऐकून घ्यायला कोणी रिकामं नव्हतं. ह्यांना नेमकं लाउडस्पीकरच्या कर्ण्याखाली उभं केलं. समोर पेट्रोमॅक्स. ह्यांनी डोळे मिटून घेतले तर लोक म्हणाले, भरून आलं बिचाऱ्याला. दोन्ही हात कानांवर ठेवले तर कोणीतरी म्हणालं, विनय बघा. मग अध्यक्षांनी घोषणा द्यायला सांगितलं. हे पुढे आले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. घोषणा ह्यांच्या तोंडची, पण सुचेना. मैदानानेच ती त्यांच्यासाठी देऊन टाकली, इतकी मोठ्याने की हे मटकन खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी बायकांमध्ये बसले होते. उठून पुढे जावं असं फार वाटलं, पण मधे सगळं मैदान होतं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. अध्यक्षही सोबत आले. ते आता ह्यांना एकटं सोडतच नव्हते. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, ते ह्यांनी नीट सांगितलं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ह्या कोण? नाव काय ह्यांचं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अध्यक्ष हसायला लागले. "डॉक्टरसाहेब, चारचौघांत बायकोचं नाव घ्यायला लावता होय? लाजतोय तो. उखाणा घालायला सांगा, मग घेईल." डॉक्टरही हसले, बाहेर बाकावर बसलेले हसले. लाल औषधाची बाटली मिळाली आणि आम्ही निघालो.

ह्यांना माझं नाव घ्यायची लाज कधी वाटली नव्हती, हे मी वर सांगितलंच आहे. मान खाली जायच्या आधी ते डोळे मी पाहिले होते. त्यात लाज नव्हती, शोधाशोध होती. घरी जिन्यात मी त्यांना थांबवलं आणि हळूच विचारलं, "माझं नाव काय?" त्यांनी कठडा धरला. "आसा गो," म्हणाले, "येता, येता." त्या दिवशी ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोव्ह पेटवत असताना त्यांनी मागून मला नावाने हाक मारली आणि रडायला लागले. टेंगूळ तोवर पार बसलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्याच आठवड्यात ह्यांच्या शेजारच्या साच्यांवर काम करणारा आमच्या गावचा माणूस भेटायला आला. तो दारातच घुटमळत होता. मी म्हटलं, लाठीचा मार भारीच लागला हो. तर म्हणाला, "वयनी, लाठी खंयची? मोर्च्यात जाऊच्या आदीच ह्यो साच्यार पडललो. धोटो उडालो तो कानामागं बसलो. वायच पडून रवलो, मग उठलो आणि आमच्यावांगडा मोर्च्यात इलो."

धोटा म्हणजे लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तो सुताची कांडी पोटात घेऊन साच्यावर इकडून तिकडे धावतो. कधी रस्ता सोडून उडाला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. साचेखात्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. "मग त्याच दिवशी का नाही बोललात?" मी विचारलं. तो म्हणाला, "हार घातल्यार काय सांगतलंय?" त्याच्यावरही मला रागावता आलं नाही.

मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, आता तुम्हीच लोकांना सांगा, मार गिरणीत लागला, म्हणजे गिरणी भरपाईचं काहीतरी बघेल. त्यांनी खूप वेळ चष्मा पुसला. "वहिनी, एवढी मोठी सभा झाली. आता लाठी नव्हतीच असं सांगितलं तर विरोधक काय म्हणतील? चळवळीचं हसं होईल." गिरणीत गेले तर तिथल्या साहेबाने मला खुर्ची दिली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या यजमानांचा लाठी खाल्ल्याबद्दल जाहीर सत्कार झाला ना?" माझ्या नवऱ्याचं एक टेंगूळ, आणि ते कोणाचं नव्हतं. चळवळीला ते हवं होतं तोवर तिचं होतं. गिरणीला ते कधीच नको होतं. राहता राहिले मी.

शेवटी परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ह्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, वार विचारला, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. चालताना हे बाजूला झुकत होते, मला ते त्या रेघेमुळे पहिल्यांदा दिसलं. बाई म्हणाल्या, "मेंदूला हादरा बसला आहे. हाड मोडलेलं नाही, कापायचं शिवायचं काही नाही. ह्याला औषध एकच. अंधारात, शांत जागी पडून राहायचं. वाचायचं नाही, गर्दीत जायचं नाही, कामाचं तर नावही काढायचं नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात. घाई केली आणि पुन्हा डोकं आपटलं, तर मात्र कठीण आहे."

शांत जागी, हे त्यांनी असं सांगितलं की जसं दूध द्या, फळं द्या. मला हसू आलं. त्यांनी विचारलं, "कुठे राहता?" मी म्हटलं, "लालबागला." मग त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या.

आमच्या खोलीखाली मसाल्याचं कांडप होतं. सकाळपासून मुसळं चालायची. चहूबाजूंनी गिरण्यांचे भोंगे, प्रत्येक पाळीला. जिन्यावर चपलांची फटफट, नळावर हंड्यांची आदळआपट, आणि त्यात सभांची भर. मी खिडकीला गोधडी ठोकली, ह्यांच्या कानांत कापूस घातला, साडीचा पडदा लावून कोपरा अंधारा केला. चाळीने सुरुवातीला फार सांभाळलं. आमच्या दारावरून जाताना बायका हंडे कडेवर घेऊन चवड्यांवर चालायच्या. पण चाळ किती दिवस चवड्यांवर चालणार? तिला जगायचं होतं. तरीही त्या दिवसांत ह्यांना उतार पडला होता. ओकाऱ्या थांबल्या. वार लक्षात राहू लागला. एकदा पडद्याआडून हात बाहेर काढून त्यांनी पाण्याची खूण केली आणि मी सवयीने केरसुणी पुढे केली, तर हसले. त्या हसण्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. बरे होणार, हे मी त्या दिवशी धरून चालले.

पण पगार बंद होता आणि चूल बंद ठेवता येत नाही. मला येत होता तो एकच उद्योग मी केला, खानावळ घातली. गावची एकटी राहणारी गिरणीतली माणसं पाळीप्रमाणे जेवायला येऊ लागली. आमची खोली ती एकच. पडद्याच्या ह्या बाजूला पंगत, त्या बाजूला हे. ताटं आदळत, माणसं साचेखात्यातली म्हणून ओरडून बोलत, माशाच्या फोडणीचा धूर कोंडत असे, आणि पडद्यामागून कण्हणं ऐकू यायचं. शांतता द्यावी तर खायला काय घालणार, आणि खायला घालावं तर शांतता कुठून आणणार? मी पंगतीवर खेकसायचे, "हळू जेवा मेल्यांनो," आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा निघायचा.

हे माझे हाल बघत होते. एका सकाळी मी बाजारात गेले असताना कपडे घालून कामावर निघून गेले. साचे सुरू झाले तसे दोन्ही हातांनी डोकं धरून उभे राहिले, तोल गेला आणि साच्याच्या लोखंडावर कपाळ आपटलं. फार जोरात नाही, असं आणणारे म्हणाले. ह्या वेळी हार नव्हता. चाळीतल्या कोणी साधं विचारायलाही दार वाजवलं नाही, म्हणजे शांतता एकदाची लाभली.

त्यानंतर जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. माझ्यावर कधी आवाज न चढवलेल्या माणसाने एका दुपारी पडदा ओरबाडून काढला आणि भरलेलं ताट जेवणाऱ्याच्या अंगावर फेकलं. मग स्वतःच थरथर कापत माझ्यामागे येऊन लपले. वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचे. दिवसभर डोक्यावर ओला पंचा. मी पुन्हा इस्पितळात गेले. बाईंनी ह्यांना तपासलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांना इथून हलवा."

सासूबाई गावाहून आल्या आणि ह्यांना बोटीने घेऊन गेल्या. जरा बरं वाटलं की परत पाठवते, म्हणाल्या. मी जाऊ शकले नाही. खानावळ बंद केली असती तर इथलं दार आणि माझ्या पैशांवर पेटणारी तिथली चूल, दोन्ही गेलं असतं. गिरणगावात पुरुष मुंबईला आणि बायको गावी, ही रीत. आमचं उलटं झालं. जेवायला येणारे त्यावरून चेष्टा करायचे आणि मी त्यांना वाढताना डाळ पातळ करायचे.

गावाहून येणारा प्रत्येक जण बरी बातमी आणायचा. झोप लागते. तांबड्या वाटेने एकटे देवळापर्यंत जातात. नांगर धरला. पोरांना गोष्टी सांगतात. ऐकून मला आनंद व्हायचा आणि रात्री अंथरुणावर पडलं की त्याच आनंदाचं ओझं व्हायचं, कारण प्रत्येक बातमीत ते बरे होते आणि मी नव्हते.

महाराष्ट्र राज्य होणार हे नक्की झालं तेव्हा हे आपणहून मुंबईला आले. अंग भरलं होतं, नजर स्थिर होती. "आता बरो झालंय गो," म्हणाले, "राज्य झालेला बघतंय आणि साचो परत मागतंय." पहिला दिवस इतका चांगला गेला की मी साडीचा पडदा काढून धुवायला टाकला. त्यांनी पंगतीला पाणी वाढलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग तो दिवस आला. सगळ्या गिरण्यांचे भोंगे एकदम सुरू झाले आणि थांबेनात. ढोल, ताशे, फटाके, रस्ताभर माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत. हे गॅलरीत हसत उभे होते, कोणीतरी त्यांना गुलाल लावला. मी आत भात उतरवून बाहेर आले तर गॅलरीत नव्हते. मोरीत उकिडवे बसले होते. हंडा डोक्यावर ओतला होता, गुलाल वाहून मोरी लाल झाली होती आणि ते ओकत होते. तेवढ्यात अध्यक्ष लगबगीने आले, ह्यांना व्यासपीठावर न्यायला. चळवळीचे जुने शिपाई, म्हणाले. मी दारात हात आडवा धरला. "तुमचं राज्य तुम्हाला मिळालं," मी म्हटलं, "माझा माणूस आत ओकतो आहे. जा आता." ते गेले. मलाही राज्य हवं होतं, मीही घोषणा दिल्या होत्या. पण त्या दिवशी मला कोणाचं तोंड बघवत नव्हतं.

सकाळी हे म्हणाले, "माका बोटीर घाल."

भाऊच्या धक्क्यावर गर्दी होती, पण समुद्राकडचा वारा होता आणि त्याने त्यांना हुशारी आली. पिंपावर बसले होते. ट्रंक मी उतरवली. वाटेत मी एक गोष्ट ठरवली होती, ती बोलले. "मी येते तुमच्याबरोबर. खानावळ मोडते. अर्धी भाकरी खाऊ." हे बोलताना माझा जीव हलका झाला होता, जणू बोटीत पाय ठेवलाच आहे.

डोक्याला मार लागल्यापासून ते उत्तर द्यायला वेळ घेत. तेवढा वेळ त्यांनी घेतला. मग माझा हात हातात घेतला, लोकांत कधी घेत नसत, आणि अगदी मायेने म्हणाले, "तू इलंस की तुझ्याबरोबर मुंबय पण येता गो. तू बोललंस, भांडा ठेवलंस, तरी माका साचे आयकाक येतत. हय पण, थंय पण. तू येव नको."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं होतं, तेच ते मला सांगत होते, आवाजापासून लांब राहायचं. फक्त त्या आवाजात मी होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बोट सुटली तेव्हा ते समुद्राकडे तोंड करून बसले होते. पुढे गावी पुष्कळ वर्षं जगले, धडधाकट, आणि डोकं दुखल्याची तक्रार पुन्हा कधी केली नाही, असं गावाहून येणारे सांगत राहिले. त्या दिवशी मी धक्क्यावरून चालत लालबागला आले. दुपारच्या पाळीची माणसं जिन्यात येऊन बसली होती. मी दार उघडलं, भात टाकला, आणि ताटं मांडताना आवाज होऊ नये म्हणून एकेक ताट दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवत गेले.